घरगुती सागरी टाकीतील मृदू प्रवाळांचे संगोपन

पदवीच्या पहिल्या वर्षी आंतरगुही संघ शिकताना तुम्ही हायड्रा, ओबेलिया आणि ऑरेलिया यांच्या आकृत्या काढल्या असतील. त्याच संघातील मृदू प्रवाळ हे प्राणी घरातील काचेच्या टाकीत वर्षानुवर्षे जगू शकतात, वाढू शकतात आणि त्यांचे तुकडे करून नवी वसाहतही तयार करता येते. मात्र त्यासाठी रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि थोडे भौतिकशास्त्र एकाच वेळी वापरावे लागते. या टिपणात आपण ते कसे वापरायचे हे पाहू. टाकी घ्यायचीच असे तुम्ही ठरवलेले नसेल तरी हरकत नाही. किंबहुना हे वाचून काहींनी घेऊ नये असे ठरवले तर तोही योग्य निर्णय असू शकतो.

मृदू प्रवाळ कोणास म्हणावे

प्रवाळाची वसाहत म्हणजे पॉलिप नावाच्या असंख्य लहान प्राण्यांचा समूह. मृदू प्रवाळाच्या प्रत्येक पॉलिपला आठ संस्पर्शक असतात आणि प्रत्येक संस्पर्शकाला पिसासारख्या बाजूच्या फांद्या असतात. म्हणून त्यांना अष्टप्रवाळ म्हणतात. खडक बांधणाऱ्या कठीण प्रवाळात हीच संख्या सहा किंवा सहाच्या पटीत असते. मृदू प्रवाळाला सलग दगडी सांगाडा नसतो. त्याच्या मांसल शरीरात कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म कंटिका विखुरलेल्या असतात, आणि पाण्याने शरीर फुगवून तो ताठ उभा राहतो. म्हणूनच रात्री किंवा त्रास झाल्यावर तो सुकलेल्या मशरूमसारखा आक्रसलेला दिसतो आणि सकाळी पुन्हा दुप्पट होतो.

दुकानातील 'सॉफ्ट कोरल' हा शब्द मात्र वर्गीकरणाचा नाही. त्या नावाखाली मिळणारे मशरूम कोरल आणि झोआन्थिड हे अष्टप्रवाळ नव्हेत. ते कठीण प्रवाळांच्या बाजूचे नातेवाईक आहेत. उलट लाल बासरीसारख्या नळ्यांचा ट्युबिपोरा म्युझिका हा कठीण सांगाडा असूनही अष्टप्रवाळच आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत मृदू प्रवाळांचा अल्सिओनेशिया हा एकच गण दिलेला असतो. २०२२ मध्ये जनुकीय पुराव्यांवर आधारित फेरवर्गीकरण झाले आणि तो गण मोडीत निघाला. परीक्षेत जुने उत्तर लिहायचे की नवे, हे मात्र तुमच्या शिक्षकांना विचारा.

घरगुती टाकीत ठेवले जाणारे बहुतेक मृदू प्रवाळ आपल्या ऊतींमध्ये एकपेशीय शैवल बाळगतात. हे शैवल प्रकाशसंश्लेषण करून तयार झालेल्या कार्बनी पदार्थांचा मोठा वाटा यजमानाला देते. यजमान त्याला नायट्रोजन, फॉस्फरस आणि आसरा देतो. उरलेले पोषण प्रवाळ पाण्यातील विरघळलेल्या पदार्थांतून आणि बारीक कणांतून मिळवतो. या एका सहजीवनातून संगोपनाचे बरेचसे नियम निघतात. प्रकाश हवा, कारण शैवलाला तो हवा. पाण्यात थोडे नायट्रेट हवे, कारण शैवलाला तेही हवे. तापमान वाढू द्यायचे नाही, कारण उष्णतेच्या ताणाने हे नाते तुटते, शैवल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो.

पाणी तयार करणे

नळाचे पाणी वापरू नये. क्लोरिन हा त्यातला किरकोळ दोष झाला. नळातून आणि बोअरवेलमधून नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि कधी तांबे येते. तांबे हे अपृष्ठवंशीयांना अत्यल्प प्रमाणातही मारक आहे. म्हणून आरओ केलेले आणि शक्य तर त्यानंतर आयनविनिमय रेझिनमधून काढलेले पाणी घ्यावे, ज्याचा टीडीएस शून्याजवळ असेल. पिण्याच्या पाण्याच्या घरगुती यंत्रात चवीसाठी पुन्हा खनिजे मिसळतात किंवा थोडे मूळ पाणी सोडतात. असे पाणी चालत नाही. अशा पाण्यात सागरी मीठ, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, पूर्ण विरघळवून लवणता ३५ भाग प्रति हजार करावी. हीच नैसर्गिक समुद्राची सरासरी आहे. स्वयंपाकाच्या मिठाने हे काम होत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट हेही ठराविक प्रमाणात असते.

नवख्यांची पहिली मोठी चूक बाष्पीभवनाच्या बाबतीत होते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. समजा तुमच्या टाकीत १५० लिटर पाणी आहे आणि उन्हाळ्यात रोज ३ लिटर उडते. एका दिवसात लवणता ३५ वरून ३५.७ होते. हे चालून जाईल. पण तुम्ही आठवडाभर गावी गेलात तर २१ लिटर उडतील, आणि ३५ गुणिले १५० भागिले १२९ म्हणजे लवणता सुमारे ४०.७ झालेली असेल. परत आल्यावर घाबरून एकदम २१ लिटर पाणी ओतले तर दुसरा धक्का बसतो. त्यामुळे उडालेल्या पाण्याची भरपाई रोज, आणि बिनमिठाच्या शुद्ध पाण्याने करावी. मीठ घातलेले पाणी ओतले तर लवणता चढतच जाते. टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीची एक खूण करून ठेवणे हा यावरचा सर्वात स्वस्त उपाय आहे.

टाकी किती मोठी असावी? विद्यार्थ्यांना ३० लिटरची टाकी परवडते आणि टेबलावर मावते, म्हणून तीच घ्यावीशी वाटते. पण वरचेच गणित ३० लिटरला लावून पाहा. पाणी जितके कमी तितका प्रत्येक बदल वेगवान. १०० ते २०० लिटर हा सुरुवातीसाठी शहाणपणाचा आकार आहे. तेवढी जागा किंवा पैसे नसतील तर थांबावे.

न दिसणारी लोकवस्ती

टाकीत पाणी, खडक आणि वाळू घातल्यावर ती रिकामी दिसते, आणि प्रवाळ लगेच आणावासा वाटतो. इथेच थांबायचे असते. मासे आणि इतर प्राणी अमोनिया उत्सर्जित करतात, सडणाऱ्या अन्नातूनही तो निघतो. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव खडकाच्या छिद्रांत वस्ती करतात, पण त्यांची वाढ अतिशय मंद असते. चार ते सहा आठवडे धरून चाला.

पाठ्यपुस्तकात हे काम नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर या जीवाणूंच्या नावे लिहिलेले असते. प्रत्यक्ष टाक्यांत नायट्राइटचे काम बहुधा नायट्रोस्पायरा करतो, आणि अमोनियाच्या कामात आर्किया गटातील सूक्ष्मजीवांचाही वाटा असतो. नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा पहिला वेगळा केलेला आर्किया २००५ मध्ये वैज्ञानिकांनी जाहीर केला, आणि तो मिळाला होता सिअॅटल येथील मत्स्यालयाच्या एका सागरी टाकीतील खडीतून! महासागरातील नायट्रोजन चक्राची समज बदलणारा जीव मत्स्यालयातील खडीत सापडावा, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा इथे जास्त सावध का राहायचे? अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो: कमी विषारी अमोनियम आयन आणि अधिक विषारी मुक्त अमोनिया. पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच मुक्त रूपात असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, आणि तेथे २५ अंशाला हा वाटा ७ टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे चाचणीत तोच आकडा दिसला तरी धोका कैकपट.

टाकी तयार झाली की नाही हे दिवस मोजून ठरवू नका, चाचणी घ्या. प्राणी नसलेल्या टाकीत अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत न्यावा. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले तर वस्ती बसली. नंतर पाण्याचा मोठा भाग बदलून साठलेले नायट्रेट काढून टाकावे.

नायट्रेटचे काय? ते पाणी बदलून कमी होते. नायट्रेट ४० असेल आणि दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलले, तर इतर भर पडली नाही असे धरून ते ३२, मग २५.६, मग २०.५ होते. तीन आठवड्यांत निम्मे. मृदू प्रवाळांसाठी लिटरला २ ते १० मिलिग्रॅम नायट्रेट आणि ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेट ठीक असते. शून्याच्या मागे लागू नका. अतिस्वच्छ पाण्यात प्रवाळ फिके पडतात, आक्रसतात, आणि मोकळ्या जागी उपद्रवी डायनोफ्लॅजेलेट माजतात.

क्षारता, दुकानातील भाषेत अल्कलिनिटी किंवा केएच, हिच्याबद्दल थोडक्यात. ती ८ ते ९ अंश जर्मन, कॅल्शियम ४०० ते ४२० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम प्रति लिटर ठेवावे. कठीण प्रवाळ सांगाड्यासाठी हे घटक रोज शोषतात. मृदू प्रवाळांना फक्त कंटिकांपुरते लागतात. त्यामुळे नियमित पाणी बदलणे बहुधा पुरते. पाच प्रकारच्या द्रावणांच्या बाटल्या विकत घ्यायला लावणाऱ्या सल्ल्याकडे मी तरी संशयाने पाहतो. ज्याची चाचणी तुम्ही करत नाही, ते पाण्यात घालू नका.

उन्हाळा

शीत देशांतील मार्गदर्शक पुस्तकांत हीटरवर प्रकरण असते. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. टाकीचे तापमान २४ ते २७ अंश असावे, आणि मे महिन्यात खोलीच ३४ अंश असते. चिलर महाग असतो व वीज खातो. पाण्याच्या पृष्ठभागावर सोडलेला छोटा पंखा मात्र आश्चर्यकारक काम करतो, आणि का ते मोजता येते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. १५० लिटर समुद्रजल १ अंशाने थंड करायला सुमारे ६०० किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे बाहेरून उष्णता येत नसती तर एका लिटरच्या वाफेने टाकी ४ अंशांनी उतरली असती. प्रत्यक्षात खोलीतून, पंपांतून आणि दिव्यांतून उष्णता येत राहते, म्हणून उतार २-३ अंशांचा मिळतो. आणि हा हिशेब हवेच्या आर्द्रतेवर अवलंबून असतो. नागपूर किंवा जयपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा चांगला चालतो. मुंबई, कोची, चेन्नईच्या दमट हवेत वाफच कमी होते, तेव्हा चिलर किंवा वातानुकूलित खोली याला पर्याय उरत नाही. तो खर्च झेपणार नसेल तर टाकी सुरू करण्यापूर्वीच ते मान्य करावे.

वीज जाण्याचाही विचार आधी करा. प्रवाह थांबला की रात्रीच्या वेळी काही तासांतच ऑक्सिजन घटतो, कारण तेव्हा शैवलही श्वसनच करत असते, आणि गरम पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी विरघळतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे.

प्रकाश आणि प्रवाह

शैवलाच्या उपयोगी पडणारा प्रकाश 'पार' या मापाने, म्हणजे दर चौरस मीटरला दर सेकंदाला येणाऱ्या फोटॉनांच्या मायक्रोमोलमध्ये मोजतात. उष्णकटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर तो २००० च्या आसपास असतो. मृदू प्रवाळांना ५० ते १५० पुरेसा होतो. नवा प्रवाळ आधी तळाशी, कमी उजेडात ठेवून दोन-तीन आठवड्यांत वर न्यावा. दिवा आठ ते दहा तास, घड्याळाच्या स्विचवर.

पाण्याच्या प्रवाहाकडे मात्र दुर्लक्ष होते. प्रवाळाच्या अंगाला चिकटून पाण्याचा एक जवळजवळ स्थिर थर असतो. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि टाकाऊ पदार्थांची ये-जा त्यातून विसरणाने होते. प्रवाह वाढला की हा थर पातळ होतो. झेनिया गटातील प्रवाळांचे पॉलिप मुठी उघडमिट केल्यासारखे सतत स्पंदन पावतात. एवढी ऊर्जा कशासाठी, याचे उत्तर तांबड्या समुद्रातील अभ्यासातून २०१३ मध्ये मिळाले: स्पंदनामुळे जास्तीचा ऑक्सिजन अंगापासून दूर नेला जातो आणि शैवलाचे प्रकाशसंश्लेषण वाढते. ज्यांना स्पंदन करता येत नाही त्यांच्यासाठी ते काम तुमच्या वेव्हमेकरने करायचे. झोत थेट अंगावर नको. पॉलिप सगळ्या दिशांनी हलके डोलावेत इतपत हवा.

कोण आणावे, कोण आणू नये

सुरुवातीला सार्कोफायटन, म्हणजे छत्रीसारखा टोडस्टूल लेदर, किंवा बोटांसारखा सिन्युलेरिया घ्यावा. दोघेही चुका सोसतात. टोडस्टूल मधूनच मिटतो, चकचकीत मेणासारखा होतो आणि आठवडाभर तसाच राहतो. नवखे लोक तो मेला समजून फेकतात. खरे तर तो अंगावरील पातळ थर, त्यावर बसलेल्या शैवल-जंतूंसह, टाकून देत असतो. प्रवाह किंचित वाढवा आणि वाट पाहा. ऊती विरघळत असेल आणि पाण्याला कुजका वास येत असेल तरच ती मरणाची खूण.

डेन्ड्रोनेफ्थिया हा लाल-केशरी रंगाचा अतिशय देखणा प्रवाळ कधी विकायला येतो. त्याच्यात शैवल नसते. त्याला सूक्ष्म प्लवकांचा जवळजवळ अखंड पुरवठा लागतो, जो घरगुती टाकीत देणे फार कठीण आहे. तो लगेच मरत नाही, काही महिने उपाशी झिजत जातो. तो आणू नका.

मृदू प्रवाळांना दगडी कवच नाही, त्यांच्या नांग्याही दुबळ्या. मग त्यांना मासे खाऊन का टाकत नाहीत? कारण ते रसायनांनी लढतात. सार्कोफायटन व सिन्युलेरियात टर्पीन वर्गातील संयुगे असतात. ती पाण्यात सोडून हे प्राणी शेजारच्या कठीण प्रवाळांची वाढ रोखू शकतात, हे ग्रेट बॅरिअर रीफवर १९८० च्या दशकात दाखवले गेले. अथांग समुद्रात ही रसायने पातळ होतात, १५० लिटरमध्ये साठतात. म्हणून टाकीत सक्रिय कोळसा ठेवून तो दर महिन्याला बदलावा आणि मृदू व कठीण प्रवाळ एकत्र ठेवण्याचा मोह टाळावा.

एका विषाबद्दल स्पष्ट इशारा

झोआन्थिड, विशेषतः पॅलिथोआ, यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे विष असते. ज्ञात असलेल्या सर्वात तीव्र बिगर-प्रथिन विषांपैकी ते एक आहे आणि १९७१ मध्ये हवाई बेटांवरील झोआन्थिडमधून वेगळे केले गेले. घरगुती टाकीवाल्यांना त्याची गंभीर बाधा झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत, आणि त्यांत एक प्रसंग वारंवार येतो: नको असलेले झोआन्थिड काढण्यासाठी खडक उकळणे किंवा गरम पाण्याने घासणे. वाफेबरोबर विष श्वासात जाते. त्यामुळे खडक कधीही उकळू नका, घासू नका. झोआन्थिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा लावा, हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका. टाकीजवळ काम केल्यावर तोंडात धातूसारखी चव, धाप, छातीत घट्टपणा, डोळ्यांची आग किंवा ताप जाणवला तर रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द लिहून द्या. वसतिगृहाच्या बंद खोलीत झोआन्थिड ठेवूच नयेत, असे माझे मत आहे.

कायदा

भारतात खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि वर उल्लेखलेला ट्युबिपोरा हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत; ते २००१ मध्ये तेथे समाविष्ट झाले. या अनुसूचीतील प्राण्याविषयीच्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद आहे. समुद्रपंखे अष्टप्रवाळ आहेत, म्हणजे 'मृदू तेवढे मोकळे' हा समज चुकीचा. सार्कोफायटन त्या यादीत नावाने नाही. पण तो ज्या खडकाला चिकटलेला असतो, तो 'लाइव्ह रॉक' बहुधा मेलेल्या कठीण प्रवाळाचा सांगाडाच असतो, आणि त्याने प्रश्न पुन्हा अनुसूचीत येतो. कच्छचे आखात, लक्षद्वीप, मन्नारचे आखात, अंदमान-निकोबार, आणि महाराष्ट्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य असलेले मालवण, यांपैकी कुठूनही ओहोटीला उचललेला तुकडा घरी आणायचा नाही. मेलेला, पांढरा, वाळूत पडलेला असला तरी नाही.

मग मिळवायचा कसा? टाकीतच वाढवलेल्या वसाहतीचा, सिरॅमिकच्या चकतीवर लावलेला तुकडा, उगमाच्या कागदपत्रांसह घ्यावा. आयात केलेल्या प्राण्याला आयातीची आणि संगरोधाची कागदपत्रे असतात; विक्रेता ती दाखवत नसेल तर खरेदी सोडून द्यावी. शंका असेल तर राज्याच्या वनविभागाकडे विचारणा करावी. टाकीत खडकाच्या जागी सिरॅमिकचे सच्छिद्र ठोकळे वापरता येतात, सूक्ष्मजीवांना काही फरक पडत नाही.

टाकीतील तुकडे तयार करणे सोपे आहे. निरोगी टोडस्टूलच्या छत्रीचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा धारदार पात्याने एका घावात कापावा. चिकट स्राव येतो, म्हणून हे काम वेगळ्या भांड्यातील टाकीच्याच पाण्यात, हातमोजे घालून करावे. गोंद त्याला धरत नाही. तुकडा चकतीवर ठेवून त्यावर जाळीदार कापड सैल बांधावे आणि मंद प्रवाहात ठेवावा. दोन ते तीन आठवड्यांत तो चिकटतो. वर्षभरात तुमच्याकडे मित्राला देण्याजोगी वसाहत असेल.

टाकी बंद करावी लागली तर

शिक्षण संपते, गाव बदलते, टाकी नेता येत नाही. अशा वेळी प्राणी समुद्रात सोडून देणे दयाळूपणाचे वाटते. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर युनोमिया स्टोलोनिफेरा हा हिंदी-प्रशांत महासागरातील झेनिया गटाचा प्रवाळ आज खडकांवर आणि सागरी गवतावर पसरला आहे, तेथील मूळ प्रवाळांना झाकून टाकतो आहे. मत्स्यालयाच्या व्यापारातून तो तेथे पोहोचला असे मानले जाते. झेनिया गटाची जी जोमदार वाढ टाकीत कौतुकाची वाटते, तीच तेथे संकट ठरली. म्हणून प्राणी दुसऱ्या अनुभवी व्यक्तीला किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला द्यावेत. खडक आणि वाळू उन्हात पूर्ण वाळू द्यावी, मात्र त्यावर झोआन्थिड असतील तर ते घराबाहेर, मुलांपासून दूर आणि हातमोजे घालूनच. टाकीचे पाणी समुद्रात, खाडीत किंवा नाल्यात न ओतता ब्लीच मिसळून एक दिवस ठेवावे आणि मग घरातील सांडपाण्याच्या मोरीत सोडावे.